माशावर ठिपका दिसला, तर तोटा कोणाचा?

शोभेच्या माशांचे दुकान चालविणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांना हा प्रसंग नवा नाही. शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक चार गोल्डफिश घेऊन जाते आणि मंगळवारी तेच गिऱ्हाईक पिशवीत एक मेलेला व एक अर्धमेला मासा घेऊन दुकानासमोर उभे राहते. "भाईजान, तुम्ही आजारी मासे दिलेत." दुकानदार म्हणतो, "साहेब, इथून गेले तेव्हा ठणठणीत होते. तुमच्या घरचं पाणी खराब असेल." दोघांचाही आवाज चढतो. आजूबाजूची दुकाने तमाशा बघतात. शेवटी एक तर पैसे परत द्यावे लागतात, नाही तर गिऱ्हाईक कायमचे जाते. पुष्कळदा दोन्ही होते.

यात खरे कोण बोलत असते? आमचा अनुभव असा की बहुतेक वेळा दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात, कारण दोघांनाही माशाला नेमके काय झाले हे ठाऊक नसते. परंतु ते ठरविणे अशक्य नाही. माशांवरच्या बऱ्याच परजीवी किड्यांना ठरलेला दिनक्रम असतो. किडा केव्हा चिकटला, केव्हा डोळ्यांना दिसू लागला, केव्हा गळून पडला, याचा हिशेब दिवसांत मांडता येतो. तो हिशेब ज्या दुकानदाराला येतो, त्याचा माल वाचतो आणि गिऱ्हाइकाशी न्यायही करता येतो. म्हणून या अंकात भांडवल, भाडे, नफा हे विषय बाजूला ठेवून आम्ही किड्यांविषयीच लिहीत आहोत.

आधी पाणी, मग किडा

मासा मलूल दिसला की आपले बांधव पहिला हात निळ्या औषधाच्या बाटलीला घालतात. ही सवय सोडली पाहिजे. दुकानात आणि घरात मरणाऱ्या माशांपैकी पुष्कळसे किड्यांनी नव्हे तर पाण्याने मरतात. नवी टाकी भरली, त्याच दिवशी दहा मासे सोडले, वरून मुलांनी दिवसातून पाच वेळा खाणे टाकले, की माशांच्या विष्ठेतून व कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया पचविणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे जणू आपल्याच घाणीत श्वास घेत असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीनचेही तसेच. अँटी-क्लोरीन न घालता पाणी बदलले, तर धडधाकट मासे तासाभरात पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

तेव्हा तक्रार आली की औषधापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. सगळे मासे एकदम आजारी पडले, की एकामागून एक? त्रास पाणी बदलल्यावर लगेच सुरू झाला, की हळूहळू? आणि गेल्या महिन्याभरात टाकीत नवे काय आले: मासा, झाड, जिवंत खाद्य? सगळे एकदम पडले तर बहुधा पाणीच दोषी. आज एक, परवा तीन, चौथ्या दिवशी सात, असे वाढत गेले तर संसर्गाचा संशय घ्यावा. हा नियम दहापैकी दहा वेळा लागू पडेल असे नाही, परंतु सुरुवात करायला याहून चांगली कसोटी नाही. अमोनिया तपासण्याचे थेंबांचे किट दुकानात असलेच पाहिजे. पाणी तपासायला पाच मिनिटे लागतात आणि ही पाच मिनिटे गिऱ्हाइकासमोर घालविली तर त्याचा निम्मा राग तेथेच उतरतो.

येथे आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या दोन गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर बारीक पांढरे दाणे दिसले. आम्ही घाबरून टाकीत औषध ओतले. दोन दिवसांनी पुन्हा ओतले. दाणे तसेच राहिले, मात्र फिल्टरमधले जिवाणू मेले, पाणी गढूळ झाले आणि ज्या माद्यांवर एकही दाणा नव्हता त्या मेल्या. पुढे एका जाणत्या व्यापाऱ्याने हसून सांगितले की मियाँ, हे नर आहेत, विणीच्या दिवसांत त्यांना असे दाणे येतातच. झाकणावर व पुढच्या परावरच, रांगेने आणि एकाच आकाराचे दाणे असतील आणि मासा चपळपणे फिरत, खात असेल, तर तो रोग नव्हे.

असे फसविणारे प्रकार आणखीही आहेत. काचेवर सरपटणारे दोऱ्याएवढे पांढरे किडे पाहून गिऱ्हाईक फोन करते. ते बहुधा खडीत साठलेल्या घाणीवर जगणारे निरुपद्रवी जीव असतात. खाणे कमी करा आणि खडी सायफनने साफ करा, एवढाच त्यावर इलाज. गोल्डफिशच्या अंगावर एकाएकी काळे डाग आले तर ते पुष्कळदा अमोनियाने पोळलेली कातडी भरून येत असल्याची खूण असते. जखमेवर कापसासारखा पुंजका दिसला तर ती बुरशी किंवा जिवाणूंची लागण असते आणि तिचे औषध वेगळे.

पांढरा ठिपका: याचा दिनक्रम पाठ असावा

आता खऱ्या शत्रूकडे वळू. धंद्यात ज्याला 'इक' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात, त्या रोगाने या व्यवसायातील जितके मासे मरतात तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या किड्याने मरत असतील. माशाच्या अंगावर, परांवर आणि शेपटीवर कोणीतरी रवा किंवा बारीक मीठ शिंपडल्यासारखे दाणे दिसतात. नराच्या विणीच्या दाण्यांप्रमाणे ते एका जागी नसतात, अंगभर विखुरलेले असतात. त्याआधी एकदोन दिवस मासा खडीवर किंवा फिल्टरच्या नळीवर अंग घासतो, पर मिटून घेतो. काही वेळा किडा फक्त कल्ल्यांतच असतो. तेव्हा बाहेर एकही दाणा दिसत नाही आणि मासा धापा टाकत मरतो.

जो पांढरा दाणा आपल्याला दिसतो तो माशाच्या कातडीच्या आत बसून वाढणारा एकपेशीय जीव आहे. तो कातडीखाली असेपर्यंत पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर सुमारे पाच ते सात दिवसांत तो पूर्ण वाढतो, माशापासून सुटून टाकीच्या तळाशी पडतो आणि भोवती चिकट कवच करून घेतो. त्या कवचात त्याचे विभाजन होऊन एकाची शेकडो पिल्ले होतात. साधारण दिवसभरात ती कवच फोडून पोहू लागतात आणि त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध मारते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. पाणी गार असेल तर हेच सारे चक्र आठवडे घेते. पाणी गरम असेल तर चारपाच दिवसांत उरकते.

एवढे समजले की गिऱ्हाइकाचे औषध का लागू पडत नाही हेही समजते. तिसऱ्या दिवशी ठिपके नाहीसे होतात. मासा बरा झाला असे समजून गिऱ्हाईक औषध बंद करते. प्रत्यक्षात दाणे बरे झालेले नसतात, ते तळाशी पडून पिल्ले काढीत असतात. पाचव्या दिवशी दसपट ठिपके येतात आणि त्यात मासा जातो. म्हणून शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही इलाज चालू ठेवावा आणि एकूण दहा ते चौदा दिवस पुरे करावेत. ही गोष्ट दुकानदाराने गिऱ्हाइकाला तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठीवर लिहून द्यावी.

इलाज खर्चाचा नाही. हीटरने पाणी हळूहळू, दिवसाला एकदोन अंशांनी वाढवीत २८ ते ३० अंशांपर्यंत न्यावे. त्यामुळे किड्याचे चक्र लवकर फिरते आणि तो लवकर मीठ-औषधाच्या तावडीत येतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप पूर्ण जोरात चालू असावा. त्यासोबत साधे खडे मीठ, लिटरला दोन ग्रॅम.

येथे टाकी बनविणाऱ्या कारागीर बांधवांचा हिशेब उपयोगी पडतो. लांबी, रुंदी व उंची इंचांत घेऊन गुणाकार करावा आणि ६१ ने भागावे, की लिटर मिळतात. दोन फुटी टाकी म्हणजे २४ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे ३४५६; भागिले ६१, सुमारे ५६ लिटर. खडी, सजावट आणि वरची रिकामी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी साधारण ४५ लिटर धरावे. त्याला ९० ग्रॅम मीठ. हे मीठ एकदम टाकू नये. तीन भाग करून, प्रत्येक भाग वेगळ्या भांड्यात विरघळवून, दीड दिवसात घालावे. मीठ हवेत उडून जात नाही, त्यामुळे रोज नवे घालायचे नाही. दहा लिटर पाणी बदलले तर त्या दहा लिटरांचेच वीस ग्रॅम परत घालायचे. रोज तळाची खडी सायफनने ओढावी, कारण कवचे तेथेच असतात.

गोल्डफिश, गप्पी, मोली यांना हे मीठ सहज झेपते. कॉरिडोरास, लोच आणि खवले नसलेल्या इतर माशांना झेपत नाही. त्यांच्यासाठी लिटरला एक ग्रॅमपर्यंतच थांबावे आणि उष्णतेवर भर द्यावा. पाण्यातील झाडेही मिठाने कोमेजतात. मिठाने आटोक्यात येत नसेल तर मॅलॅकाइट ग्रीन असलेली तयार औषधे मिळतात. ती बाटलीवरील मापाने, फिल्टरमधील कार्बन काढून ठेवून वापरावीत, कारण कार्बन औषध शोषून घेतो. मॅलॅकाइट ग्रीन विषारी आहे आणि खाण्याच्या माशांवर ते वापरण्यास मनाई आहे. हातमोज्यांशिवाय ते हाताळू नये आणि औषधाची बादली खाण्याच्या भांड्यांत कधीही मिसळू देऊ नये.

हा रोग थंडीत जास्त का येतो, असे नाशिक, मालेगाव, पुण्याकडचे दुकानदार विचारतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी एकदम गार होते, माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि जो किडा दोनचार दाण्यांत दबून होता तो उसळतो. चेन्नई किंवा कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यांतून येणाऱ्या मालाचेही तेच. एक-दोन दिवसांच्या प्रवासाने मासा थकलेला असतो. तो माल उघडल्या दिवशी विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी भांडण पाठविणे होय.

मग तोटा कोणाचा?

आता शनिवारच्या त्या चार गोल्डफिशकडे परत येऊ. किडा कातडीत शिरल्यापासून डोळ्यांना दिसण्याइतका वाढायला, नेहमीच्या तापमानाला, काही दिवस लागतात. तेव्हा विक्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ठिपके दिसले तर वाद घालू नये. किडा दुकानातूनच गेला आहे. उलट तीन आठवड्यांनी ठिपके आले तर तो किडा बहुधा मागाहून आलेल्या माशाबरोबर, झाडाबरोबर किंवा पाण्याबरोबर टाकीत शिरला, असे समजायला हरकत नाही. कठीण आहे ते मधले तीन ते आठ दिवस. कारण गिऱ्हाइकाकडे आधीपासून असलेले जुने मासे या रोगातून वाचलेले असतील, तर त्यांना स्वतःला त्रास होत नाही, पण त्यांच्या कल्ल्यांत एखाददुसरा किडा टिकून असतो आणि नवा मासा त्याला बळी पडतो. म्हणून मंगळवारच्या तक्रारीत पहिला प्रश्न हाच विचारावा की घरी आधीचे मासे होते काय? टाकी कोरी असेल तर किडा तुमचा. जुने मासे असतील तर निम्मे-निम्मे करून सुलह करावी, असे आमचे मत आहे. आमच्या माहितीतील एक दुकानदार तसेच करतो. अर्धे पैसे किंवा पुढच्या वेळी दोन मासे. त्याचा तोटा होतो का? होतो. परंतु त्याचे गिऱ्हाईक आठ-दहा वर्षे टिकून आहे.

मदिनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण सर्व जाणतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. व्यापारी म्हणाला की पावसाने भिजले. धान्य भिजले हा त्याचा अपराध नव्हता. ओले खाली आणि कोरडे वर ठेवले, हा होता. माशाला किडा लागणे हाही दुकानदाराचा अपराध नव्हे. परंतु ठिपके असलेला मासा मागच्या बाजूने, दिवा मालवून, घाईने पिशवीत भरून देणे हे ढिगाखाली ओले धान्य ठेवण्यासारखेच आहे. फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' आहे, म्हणजे सौद्याच्या वेळी मालात असलेला दोष मागाहून उघड झाला तर परत करण्याचा खरीदाराचा हक्क. तपशील आपापल्या आलिमांना विचारावा. पण ज्याला ऐब ठाऊक होता आणि ज्याने तो लपविला, त्याची जबाबदारी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून टळते, असे आम्हाला वाटत नाही.

इतर किडे

मखमल रोग ठिपक्यांहून बारीक असतो. माशावर सोनेरी किंवा गंजाच्या रंगाची धूळ बसल्यासारखी दिसते. दिवसा दिसत नाही. दुकानातले दिवे बंद करून बॅटरीचा झोत बाजूने टाकावा. या किड्याला प्रकाश मानवतो म्हणून टाकी झाकून ठेवावी. तांबे असलेली औषधे यावर चालतात, मात्र तांब्याने झिंगे आणि गोगलगायी मरतात.

अँकर वर्म आणि माशांची ऊ हे दोन्ही मातीच्या तळ्यांत वाढविलेल्या गोल्डफिश व कोईबरोबर येतात आणि दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अँकर वर्म म्हणजे अंगातून लोंबणारा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा दोरा, मुळाशी लालसर सूज. त्याचे डोके आत नांगरासारखे रुतलेले असते. ओल्या फडक्यात मासा धरून, चिमटा अगदी मुळाशी लावून सरळ ओढावा. तुटला तर आतला भाग सडतो. ऊ ही पाच ते दहा मिलिमीटरची, चपटी, जवळजवळ पारदर्शक टिकली असते आणि सरकते. ती काचेवर व दगडांवर अंडी घालते. म्हणून माशावरची ऊ काढली तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दिसते आणि दुकानदार म्हणतो औषध बोगस. औषध बोगस नसते, अंडी शिल्लक असतात. या किड्यांसाठी शेतीच्या दुकानातील फवारणीचे कीटकनाशक टाकण्याचा सल्ला बाजारात सर्रास दिला जातो. आमची कळकळीची विनंती आहे की तो ऐकू नये. त्या जातीच्या विषाला मासे अतिशय नाजूक असतात. ऊ मारणारे माप आणि मासा मारणारे माप यांत हाताच्या अंदाजाने राखता येईल एवढे अंतर नसते.

कल्ल्यांतले चपटे कृमी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. मासा एकच कल्ला हलवतो, दुसरा मिटून ठेवतो, अंग घासतो, रोडावतो, पण अंगावर काहीच नसते. येथे अंदाज चालत नाही. शाळेत वापरतात तसा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. माशाच्या बाजूच्या परामागचा बुळबुळीत थर काचेच्या पातळ पट्टीने हलकेच खरवडून शंभरपट मोठा करून पाहिला की वळवळणारे कृमी दिसतात. वर्षाला ज्याचे शंभर मासे विनाकारण मरतात त्याने हा खर्च करावाच. यावर प्राझिक्वान्टेल हे औषध आहे, परंतु ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून आठवड्याच्या आत दुसरी मात्रा द्यावी लागते.

गप्पीच्या गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखे टोक बाहेर दिसते, मासा थांबला की बाहेर येते आणि हलला की आत जाते, तो पोटातील जंत. त्यावर लेव्हामिसोल चालते, जे शेळ्या-कोंबड्यांच्या जंतांसाठीही वापरले जाते. मात्रा मिलिग्रॅमची असते, चमच्याची नव्हे. पशुवैद्याकडून ती लिहून घ्यावी. एका गप्पीत दिसला तर त्या टाकीतील एकही गप्पी विकू नये.

मुंबईत वर्सोवा येथे १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे आणि माशांच्या रोगांचा अभ्यास तेथे होतो. तळ्यांत मासे वाढविणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल ॲपही सुरू केले. आपल्या लोकांना सरकारी दाराशी जाण्याचा संकोच वाटतो. या बाबतीत तो सोडून द्यावा.

दुकानातच काय बदलावे

बऱ्याच दुकानांत भिंतभर टाक्यांना एकच फिल्टर असतो. सोय मोठी, पण एका टाकीतील किडा संध्याकाळपर्यंत चाळीस टाक्यांत फिरतो. नवा माल या फिल्टरला कधीही जोडू नये. पोटमाळ्यावर, मागच्या गाळ्यात, कुठेही दोन-तीन सुट्या टाक्या ठेवाव्यात आणि नवा माल किमान दोन आठवडे, तळ्यातला गोल्डफिश-कोई असेल तर चार आठवडे, तेथे ठेवावा. कोरोनानंतर क्वारंटाइन हा शब्द आपल्या घरातल्या आजीलाही ठाऊक झाला आहे; माशांच्या दुकानात मात्र अजून पोहोचायचा आहे. भांडवल दोन आठवडे अडकते हे आम्हाला मान्य आहे. थोडा थोडा माल वारंवार मागविण्याऐवजी एकदाच मागवावा आणि एक फेरी आधीचा विकावा, म्हणजे ओढाताण कमी होते.

त्या टाक्यांची जाळी, बादली, सायफनची नळी वेगळी. जाळी वापरून झाल्यावर उन्हात कडकडीत वाळवावी. पांढऱ्या ठिपक्याचा किडा कोरडेपणात जगत नाही. पिशवीतील प्रवासाचे पाणी टाकीत ओतू नये, मासा जाळीने उचलून सोडावा आणि गिऱ्हाइकालाही तसेच सांगावे. गटारांच्या कडेला गोळा केलेले जिवंत लाल किडे स्वस्त पडतात आणि मासे ते आवडीने खातात, परंतु त्यांच्याबरोबर काय काय येते ते कोणी पाहत नाही. सुकविलेल्या वड्या घ्याव्यात. मिथिलीन ब्लू, म्हणजे ते निळे औषध, नेहमीच्या टाकीत 'खबरदारी' म्हणून थेंबथेंब टाकण्याची पद्धत बंद करावी. आमच्या फजितीत मेलेल्या माद्या आठवाव्यात.

आजारी टाकी रिकामी झाली तर उगाच फोडून टाकू नये. मासे नसलेल्या गरम पाण्यात पांढऱ्या ठिपक्याचा किडा आठ-दहा दिवसांत उपाशी मरतो. टाकी तेवढे दिवस चालू ठेवून मग वापरावी. मेलेला मासा कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावा, नाल्यात फेकू नये. जिवंत पण आजारी मासा 'सवाब' म्हणून तलावात सोडणारेही आम्ही पाहिले आहेत. त्याने त्या माशाचे भले होत नाही आणि तलावातील माशांना किडा लागतो.

घरातल्या मुलांना हे किडे लागतील काय, असे गिऱ्हाइकीण हमखास विचारते. वर सांगितलेले किडे माणसाला लागत नाहीत. मात्र टाकीच्या पाण्यातील काही जिवाणू हाताच्या जखमेतून शिरतात आणि महिनोन्महिने बरी न होणारी गाठ येते. काच कापणाऱ्या कारागिराच्या बोटांना चिरा असतातच. त्याने त्या हाताने टाकी साफ करू नये, हातमोजे घालावेत. आणि तशी गाठ आलीच तर डॉक्टरला आपण माशांच्या पाण्यात काम करतो हे आवर्जून सांगावे, नाही तर निदान चुकते.

शेवटची गोष्ट पिशवीची. माल आला तो दिवस, आजारी टाकी कोणती, औषध कोणते दिले, हे एका वहीत लिहीत चला, आणि मासा विकताना पिशवीवर स्केच पेनने दोन तारखा टाका: माल दुकानात आला ती आणि विकला ती. मंगळवारी गिऱ्हाईक परत आले, तर पहिल्यांदा ती पिशवी मागा.